फाईल कुठे अडलीये? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात परदेशात कायम राहायच्या परवानगीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मेलबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्यातून चार जणांचं काम होईल असे प्रश्न निवडलेत. नावं छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांच्या फाईली अजून चालू आहेत आणि उरलेल्यांनी घरी न सांगता लिहिलंय. फोर्टमधल्या एका वकिलांकडे अशा फाईली लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण मी वकील नाही, त्यामुळे जिथे वकील लागेल तिथे तसं सरळ सांगेन. आणि नियम, फिया सारख्या बदलत असतात, पैसे भरायच्या आधी त्या त्या सरकारच्या साईटवर एकदा बघा, भाच्याच्या मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

विलेपार्ले पूर्वचे एक काका लिहितात : मुलगा न्यू जर्सीत, सिटिझन आहे. त्याने आमच्यासाठी अर्ज केला आणि दोन वर्षांपूर्वी आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. उन्हाळ्यात चार-पाच महिने जातो, बाकी पार्ल्यातच. आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, त्याच्या अ‍ॅग्रीमेंटच्या सह्या, भाड्याच्या जागेत शिफ्टिंग, त्यात हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे सव्वा वर्ष तरी हलता येणार नाही. सध्या आम्ही मुलाकडे आहोत, महिन्याभरात परतणार. पार्ल्यातल्या बागेतला ग्रुप म्हणतो की सहा महिन्यांत एकदा जाऊन पाय लावून आलं की कार्ड शाबूत, एक जण म्हणतो वर्षातून एकदा गेलं तरी चालतं. यावेळी येताना एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं, तुम्ही राहता कुठे? ही पटकन म्हणाली, पार्ल्यात. त्याने हसून सोडलं. पुढच्या वेळी नाही सोडलं तर?

काका, काकूंनी खरं तेच सांगितलं आणि अडचण नेमकी तीच आहे. ग्रीन कार्ड हे येण्याजाण्यासाठी नसतं, तिथे राहण्यासाठी असतं, आणि तुमचं घर पार्ल्यात आहे हे तुम्हालाही माहितीये आणि आता त्या ऑफिसरलाही.

बागेतल्या सहा महिन्यांचं मूळ असं की सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून धरता येतं, म्हणजे चौकशी वाढते, शिवाय पुढे सिटिझनशिप घ्यायची झाली तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. पण याचा अर्थ १८० च्या आत आलात की सगळं ठीक असा होत नाही. पाय लावून परत जाणाऱ्यांना ऑफिसर रोज बघतात हो. ते बघतात की माणसाचा संसार कुठे आहे, बँक खातं तिथे चालू आहे का, टॅक्स रिटर्न तिथलं रहिवासी म्हणून भरलंय का, इन्शुरन्स आहे का, बाहेर गेलात ते ठराविक कामासाठी का.

वर्षाचं मात्र अगदी स्पष्ट आहे. एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. त्यासाठी आधी री-एन्ट्री परमिट काढावं लागतं, फॉर्म आय-१३१, आणि तो भरताना तुम्ही अमेरिकेत हजर असावं लागतं. पार्ल्यात बसून तो भरता येत नाही, मुलाने तुमच्या वतीने तिथून भरला तरी चालत नाही, आणि मुंबईहून मुदत वाढवूनही मिळत नाही. तुम्ही अजून तिकडेच आहात हे फार बरं झालं, आजच मुलाला फॉर्म उघडायला सांगा. त्यानंतर फिंगरप्रिंटसाठी बोलावतात, त्याला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे परतीचं तिकीट थोडं पुढे ढकलावं लागलं तर ढकला. फिंगरप्रिंट झाले की निघता येतं, परमिट मागाहून येतं. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, म्हणजे तुमचं सव्वा वर्ष त्यात आरामात बसतं. सोबत काकूंच्या डॉक्टरांचं पत्र आणि सोसायटीच्या पत्राची कॉपी इंग्रजीत ठेवा, कारण परमिट असलं तरी ऑफिसर कारण विचारू शकतो आणि तुमचं कारण खरं आहे, दाखवायला लाजायचं कशाला.

रिडेव्हलपमेंटच्या सह्यांचं म्हणाल तर त्यासाठी तुम्ही स्वतःच हजर असायला हवं असं नाही, जवळच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र देता येतं. ते तिकडे केलंत तर न्यूयॉर्कच्या आपल्या कॉन्सुलेटमधून किंवा तिथल्या नोटरीकडे करून अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लावून आणायचं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची. ही तीन महिन्यांची गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग बिल्डरचा वकील कागद परत पाठवतो.

आता टॅक्स. बागेतला ग्रुप याबद्दल कधीच बोलत नाही! ग्रीन कार्ड आहे तोवर तुमचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, म्हणजे इथल्या एफडीचं व्याज, पेन्शन, गाळ्याचं भाडं सगळं. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर त्याचा वेगळा रिपोर्ट भरायचा असतो, एफबार म्हणतात त्याला, आणि आयुष्यभराची एफडी असलेल्या पार्लेकराची ती जाणारच. टॅक्स वाचवायला म्हणून कोणी तुम्हाला नॉन-रेसिडेंट म्हणून रिटर्न भरून देत असेल तर अजिबात नको, मी अमेरिकेत राहत नाही असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं ते.

आणि पुढच्या वेळी ऑफिसरने आय-४०७ पुढे केला तर तो कार्ड सोडून देत असल्याचा फॉर्म असतो. घाबरून सही करायची नाही, तुम्हाला इमिग्रेशन जजसमोर म्हणणं मांडायचा हक्क आहे, तसं शांतपणे म्हणायचं.

हे सगळं झाल्यावर माझं मत विचाराल तर वेगळंच आहे. तुम्हाला तिथे कायमचं राहायचंय का? तुमच्या पत्रात नातवंडं एकदा आलीयेत आणि बिल्डिंग पाच वेळा. राहायचं नसेल तर कार्ड स्वतःहून परत करून व्हिजिटर व्हिसा मागणं हा अगदी सरळ मार्ग आहे. व्हिसा मिळेलच अशी हमी नसते, पण कार्ड रीतसर परत केलेलं असणं ही तुमच्या बाजूची गोष्ट असते. आणि मुलगा सिटिझन असल्यामुळे आई-वडिलांना कोट्याची रांग नाही, पुढे कधी जाऊन राहावंसं वाटलं तर तो परत अर्ज करू शकतो. ज्यांच्यासाठी भावाने अर्ज केलाय त्यांचं तसं नाही, त्या भावंडांच्या कॅटेगरीत भारतीयांना पंधरा वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागतंय, त्यांनी मिळालेलं कार्ड दहा वेळा विचार करूनच सोडावं.

लालबागहून एक वाचक : माझी बहीण टेक्सासमध्ये सिटिझन आहे, आईला कायमचं न्यायचं म्हणतेय, कागद जमवायचं काम माझ्याकडे. आई १९५८ सालची, चिपळूणजवळच्या खेड्यात घरीच जन्मलेली, जन्माचा दाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, पासपोर्ट-आधार त्या नावाने. आणि बहिणीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं घरात हाक मारायचे ते तिसरंच नाव लागलंय. १९८१ च्या लग्नाचं सर्टिफिकेटही नाही. ओळखीतला एजंट म्हणतो की मी सगळं एका नावाने नवीन काढून देतो, जन्मदाखल्यासकट. देऊ का त्याला?

नको. अजिबात नको.

आपल्याकडे ही फाईल घराघरात आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि चाळीस वर्षांनी परदेशातली एखादी क्लार्क विचारते की या दोन बायका कोण. बरं तिचं चुकतंय असंही नाही, तिच्यासमोर तीन नावं आहेत आणि एक आई. तिला ती तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद हवाय, सगळीकडे एकच नाव असलेले कोरे करकरीत कागद नकोत. उलट सत्तरीकडे आलेल्या बाईचा गेल्या महिन्यात नोंदवलेला जन्मदाखला बघून तिचा संशय वाढतो, उशिरा नोंदवलेल्या दाखल्याला तिथे वजन कमीच असतं. आणि एक वर्षानंतरची नोंद आपल्या कायद्यात सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, एजंट ती चार दिवसांत करून देतोय म्हणजे कशी करतोय याचा विचार करा.

तर पहिलं, पासपोर्टवरचं नाव हेच मुख्य धरायचं, त्याला हात लावायचा नाही. मग प्रत्येक वेगळ्या नावापासून पासपोर्टपर्यंत एकेक कागद.

माहेरच्या नावासाठी लग्नाचं सर्टिफिकेट, आणि १९८१ चं लग्न आजही नोंदवता येतं. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली आई-बाबा राहतात त्या भागातल्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंद होते, दोघांनी हजर राहायचं, तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका किंवा लग्नातला फोटो, वर उशिराचा दंड. भटजी आता हयात नसतील किंवा पत्रिका सापडत नसेल तर त्याऐवजी प्रतिज्ञापत्र घेतात, आधी काउंटरवर विचारून या नाहीतर साक्षीदार काकांना दोनदा परळला आणायची वेळ येईल. मेमोरँडम म्हणजे नोंदणीचा फॉर्म भरताना आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर तसंच. या एका सर्टिफिकेटने तुमचं अर्धं काम होतं.

जन्माचं. आधी गावी शोध तरी घ्या. ग्रामपंचायतीत नसेल तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर आणि कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालाची नोंदवही असते. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला ही रजिस्टरं राज्यभर बाहेर काढली गेली, त्यामुळे पूर्वी जिथे दार उघडायचं नाही तिथे आता निदान कुठल्या कपाटात काय आहे ते तरी सांगतात. नोंद मिळाली तरी बाळाचं नाव नसेल, अमक्याला मुलगी झाली एवढंच असेल, तरी घ्या, आजोबांचं नाव आणि तारीख जुळली तर सोनं आहे ते. नाहीच मिळालं तर नोंद आढळत नाही असा दाखला निबंधकाकडून घ्या, खेड्यात ते ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक असतात. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईपेक्षा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, ज्यात जन्मतारीख, गाव आणि आई-वडिलांची नावं येतील. मावशी किंवा मामा हयात असतील तर हे काम आधी उरका, बाकीचे कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. १९७० च्या आधी जन्मलेल्या भारतीयांकडे दाखला नसतो हे अमेरिकन ऑफिसला माहिती आहे, त्यात आपण काही जगावेगळं मागत नाहीये.

आता ते तिसरं नाव. बहिणीच्या जन्मदाखल्यातली दुरुस्ती ज्या वॉर्डात जन्म नोंदला गेला तिथेच होते, केईएम हॉस्पिटलमध्ये झाली असेल तर एफ साऊथ वॉर्ड ऑफिसला जा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली चुकीची नोंद दुरुस्त करता येते, पण आईचं मूळ नाव वेगळं होतं याचे त्या काळातले कागद मागतात, बहिणीचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड वगैरे. दुरुस्ती करताना जुनी नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात, आणि ते तुमच्या फायद्याचंच आहे कारण काय बदललं ते दिसतं. वॉर्ड ऑफिसने नाहीच म्हटलं तर दुरुस्ती न करता आईचं आणि मामाचं प्रतिज्ञापत्र आणि जुने कागद जोडून फाईल पाठवता येते, फक्त मग पुढून आणखी पुरावा मागणारं पत्र येण्याची शक्यता वाढते. आलं तर घाबरायचं नाही, नकार नसतो तो, त्यात जे मागितलंय तेवढंच आणि मुदतीच्या आत एकदाच सगळं पाठवायचं. तुकड्या-तुकड्याने पाठवलं तर पहिल्या तुकड्यावरच निर्णय देऊन मोकळे होतात.

शाळेचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, त्याखाली भाषांतर करणाऱ्याने मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे असं लिहून सही करायची, नोटरीची गरज नाही. फक्त नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे ना बघा. विश्वनाथ एकीकडे व्ही-ने आणि दुसरीकडे डब्ल्यू-ने, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता भाषांतर हातात आलं की मजकूर नंतर वाचते, आधी आजोबांचं नाव बघते. आणि अपॉस्टिल या कामाला लागत नाही, कोणी त्याचे पैसे मागत असेल तर विचारा कशाला.

म्युनिकहून, मूळची ठाण्याची : ताई, माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, संपलं. संपायच्या आधीच ऑनलाईन रिन्यूअल टाकलं होतं, त्याचा फक्त ऑटोमॅटिक मेल आलाय. आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे इथलं परदेशी नागरिकांचं ऑफिस, फोन उचलत नाही, मेलला उत्तर देत नाही. दादाचं लग्न ठाण्यात आहे, तिकीट काढलंय. तो मेल दाखवून परत येता येईल का? रोज एक मेल टाकतेय त्यांना.

रोज मेल टाकणं आधी बंद कर, प्रत्येक मेल तिथे नवीन काम म्हणून रांगेत जातो आणि कुणीतरी तो उघडून बंद करतं. एकच मेल लिही, जर्मनमध्ये, विषयातच पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फाईल नंबर, खाली दोन ओळी की प्रवास अमुक तारखेला आहे, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, हवंय, सोबत तिकीट आणि लग्नाची पत्रिका. हो, पत्रिका जोड, खाली भाषांतर दे, चालते.

मुदत संपायच्या आधी अर्ज केलास त्यामुळे तिथे राहणं आणि नोकरी करणं यात तुला अडचण नाही, जुनी परवानगी निर्णय होईपर्यंत चालू आहे असं तिथला परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचा कायदाच म्हणतो, कलम ८१ चं पोटकलम ४. पण हे तुला आणि मला माहितीये, सहार एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलाला माहिती नाही. त्याला हातात कागद लागतो, नाहीतर तो विमानात बसू देणार नाही, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर एअरलाईनला भुर्दंड बसतो. म्हणून नुसत्या मेलवर निघू नकोस. आणि तो कागद मिळाला की त्यावर खूण कुठल्या चौकोनात आहे ते तिथेच उभं राहून बघ, पोटकलम ४ असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, पोटकलम ३ असेल तर राहता येतं पण परत येता येत नाही. चुकीची खूण झालेले लोक मुंबईत अडकलेले मला माहिती आहेत. सोबत संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट, आणि फ्लाइट शक्यतो थेट घे, मधल्या कुठल्या देशात तो कागद समजावत बसायला नको.

तीन महिने होऊनही निर्णय नसेल तर वकिलामार्फत प्रशासकीय कोर्टात ऑफिस काहीच करत नाही म्हणून दावा टाकता येतो, जर्मनीत ती अगदी नेहमीची गोष्ट आहे, त्याचा कोणी राग धरत नाही. आणखी एक, ब्लू कार्डवर २७ महिने झाले असतील आणि पेन्शनचे हप्ते तेवढे भरलेले असतील तर साधं जर्मन येत असलं तरी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, बी१ म्हणजे त्याच्या वरच्या पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच. तुझी बी१ ची परीक्षा झालीये असं पत्रात लिहिलंयस, मग पुन्हा कार्डच का मागत बसलीयेस? भेट मिळाली की हे विचार.

(जाता जाता, जर्मनीला जाणाऱ्या बाकीच्यांसाठी, भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे इथे पैसे देऊन अपॉस्टिल लावून घेऊ नका. त्यांचं दूतावास खातं मागणी आली तर स्वतः कागद तपासून घेतं आणि त्यात महिने जातात.)

बोरिवलीहून, नाव-पत्ता काही न देता : मिस्टर मशीद बंदरच्या एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघायचे, कोविडमध्ये ती बंद झाली, मालक गावी गेला. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी, एक्सपिरियन्स लेटर हवं होतं तर आमच्या कन्सल्टंटने जुन्या लेटरहेडवर करून दिलं, सहीसुद्धा त्यानेच केली. आता तिथून प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलंय, की तुमचं लेटर खरं वाटत नाही, खुलासा करा. कन्सल्टंट म्हणतो मालकाच्या नावाने एक मेल आयडी बनवतो, तिकडून कन्फर्म करून टाकू.

त्या मेल आयडीला आत्ताच्या आत्ता नाही म्हणा, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, आणि हे कन्सल्टंटने केलं, आम्हाला माहिती नव्हतं, हे म्हणणं सहसा चालत नाही, कारण फॉर्मवर सही तुमच्या मिस्टरांची आहे. एक खोटं झाकायला दुसरं पाठवलंत तर उरलीसुरली आशाही जाईल. इथे मी माझ्या पातळीवर सल्ला देणार नाही, कॅनडाच्या वकिलाशी किंवा लायसन्स असलेल्या कन्सल्टंटशी बोला, पत्रातल्या मुदतीच्या आत, आणि वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आधी वाढवून मागा. पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज करणारा माणूस वकील नसेल तर तो तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत असावा लागतो, यादी सगळ्यांना ऑनलाईन बघता येते, तुमचा माणूस त्यात नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

वकिलाकडे जाताना काय न्यायचं ते सांगते, कारण नोकरी तर खरी होती ना! पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफ कापला असेल तर पासबुक, अपॉइंटमेंट लेटर, दिवाळी बोनसचं व्हाउचर असलं तरी, आणि तिथे सोबत काम केलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. फर्म बंद पडली आणि लेटर मिळू शकत नाही हे पहिल्या दिवशी सरळ लिहून हे कागद लावले असते तर ते मान्य होण्यासारखं होतं, राग येतो तो याचाच, चांगल्या फाईलीची माती केली त्या माणसाने. आणि अर्जाच्या अकाउंटचा पासवर्ड कन्सल्टंटकडे असेल तर तो आजच मागून बदला, सगळ्या कागदांच्या कॉपी उतरवून घ्या, उद्या तो फोन उचलेल असं नाही.

कुर्ल्याहून : पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता, राहतो कुर्ल्यात भाड्याने. पीसीसी, म्हणजे पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट, कुठून काढू?

जिथे राहता तिथून. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये, सध्याचा पत्ता कुर्ल्याचा द्या, रजिस्टर केलेलं भाडे करारपत्र जवळ ठेवा. पोलीस स्टेशनचा फोन आला की वेळेत जा, घरमालकाला आधी कल्पना देऊन ठेवा नाहीतर तो दारातच ओळखत नाही म्हणतो. फार आधी काढू नका, बरेच देश सहा महिन्यांपेक्षा जुनी घेत नाहीत. आणि दुबईत वगैरे नोकरी केली असेल तर तिथली वेगळी लागू शकते, ती मिळायलाच वेळ जातो, तिच्यापासून सुरुवात करा.

गिरगावहून : बाबांचा अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे. वय ७४. ते बोलायला लागले की थांबत नाहीत. मुलाची नोकरी विचारली तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून सुरुवात करतील. शिवाय तरुणपणी टीबी झाला होता, ते सांगायचं की नाही यावरून घरात भांडण चालू आहे.

टीबीचं सांगायचंच, आणि ते खिडकीवर नाही, त्याआधीच्या मेडिकलमध्ये. मेडिकल कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसतोच, लपवला तर नसता संशय. डागावरून शंका आली तर थुंकी कल्चरला पाठवतात आणि त्याला साधारण आठ आठवडे लागतात, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात मेडिकल ठेवू नका. तेव्हाचे उपचाराचे कागद, जुना एक्स-रे, जे काय माळ्यावर असेल ते घेऊन जा.

बोलण्याचं म्हणाल तर बाबांना घरी दोन संध्याकाळी बसवून सराव करा, मुलगा काय करतो, कुठल्या गावात राहतो, सून काय करते, तुम्ही कुणाकडे राहणार, आधी कधी अमेरिकेला गेला होतात का. प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर. पाठ करून घेऊ नका, तारीख आठवली नाही तर आठवत नाही म्हणायचं, अंदाजाने ठोकून द्यायची नाही, कारण समोरच्याकडे फॉर्म उघडा असतो. इंग्रजी जमत नसेल तर सुरुवातीलाच मराठीत बोलायचंय असं सांगायचं, त्यात काही कमीपणा नाही, अर्धवट इंग्रजीत हो ला नाही म्हणण्यापेक्षा बरं. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बीकेसीत त्यांना सोडायला जाल तेव्हा कुठल्या गेटबाहेर, कुठल्या झाडाखाली भेटायचं ते आधी ठरवून ठेवा.